संपणारा गेम हवाय!

‘गेम संपला’ या शब्दांना आमच्या शहापूर-मुरबाडकडे दोन अर्थ होते. एक, मारिओची तिन्ही लाइफ गेली. दुसरा, लाइट गेली. 2005 नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. गावाकडे दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची आणि टीव्ही गेमच्या त्या पिवळ्या कॅसेटमध्ये खेळ सेव्ह करायची सोय नव्हती. पाचव्या वर्ल्डमध्ये पोचलेला असो की पहिल्याच खड्ड्यात पडलेला, लाइट आली की सगळे पुन्हा 1-1 पासून. समाजवाद म्हणतात तो हाच असावा.

यंदाच्या पावसाळ्यात मी हे जुने, उड्या मारत पुढे जायचे गेम परत खेळायला घेतले. 1985चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, 1989चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की उघडायचा तो ‘डेंजरस डेव्ह’. नॉस्टॅल्जियाचे गोडवे गायचे म्हणून हे लिहीत नाहीये. उलट डेव्ह आता चक्क बोअर होतो. तो बनवणारा जॉन रोमेरो पुढे ‘डूम’सारखा गेम करणाऱ्यांत होता, हे कळल्यावर आदर वाढला, पण खेळण्यातली मजा काही वाढली नाही. कप घ्या, दार गाठा, पुढची लेव्हल. दहा लेव्हल झाल्या की विषय संपला.

मारिओचं मात्र तसं नाही. तो अख्खा गेम साधारण 40 केबीचा आहे. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फुलांचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकाराची ठेवलीत, फक्त रंग वेगळा. लहानपणी ते डोळ्यांसमोर असून कधी दिसलं नव्हतं. आणि पहिल्या लेव्हलची मांडणी बघा. पहिला शत्रू समोरून चालत येतो, तुम्ही घाबरून उडी मारता, डोकं वरच्या ठोकळ्यावर आपटतं, मशरूम बाहेर पडतं. ते घरंगळत जातं, पाइपला धडकतं आणि तुमच्याकडेच परत येतं. एक अक्षर न वाचता खेळ शिकून होतो. इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांना तो का जमला, याचं उत्तर इथे आहे.

‘प्रिन्स’ वेगळ्या कारणासाठी टिकलाय. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राची हालचाल काढली. म्हणून तो खरा माणूस वाटतो. बटण दाबलं की लगेच उडत नाही, आधी पाऊल टाकतो. सगळ्या खेळाला 60 मिनिटं. तेवढ्यात राजकन्या गाठली नाही तर खेळ खल्लास.

आता मुद्द्यावर येते. हे गेम आज मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर चालवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रिवाइंडचं बटण असतं. खड्ड्यात पडलात? बटण दाबा, दहा सेकंद मागे जा. निन्टेन्डो स्वतः स्विचवर जुने गेम देते, त्यातही ही सोय आहे. माझं स्पष्ट मत आहे की ते बटण वापरू नये. जुनं ते कठीण आणि कठीण ते थोर, असलं काही मला म्हणायचं नाही. कारण साधं आहे. 40 केबीचा खेळ पुन्हा पुन्हा मरण्यामुळेच मोठा होतो. रिवाइंड करत गेलात तर मारिओ एका दुपारी उरकतो. शेवटचा किल्ला दिसतो, पण आपण तिथे पोचलोय असं वाटत नाही. कुणीतरी गाडीने सोडल्यासारखं वाटतं. माळशेज घाट चढून जाणं आणि घाटाचा रील बघणं, एवढा फरक.

रिवाइंड न वापरता मला तीन आठवडे लागले. 8-4 हा शेवटचा किल्ला म्हणजे भूलभुलैया आहे, चुकीच्या पाइपातून गेलं की फिरून तिथेच. पण सात-आठ दिवसांनी एक गंमत झाली. 1-1 आणि 1-2 मी न बघता खेळायला लागले. उडी किती वेळ दाबून धरायची, हे डोक्याला नाही, अंगठ्याला कळायला लागलं. हे विकत मिळत नाही. आणि ज्या रात्री गेम संपला, त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून झोपले. त्याला माझ्याकडून पुढे काही नको होतं.

हे मला मोठं वाटतं, कारण मी रोज आसनगाव लोकलने जाते. दादर गाठायला दीड-पावणेदोन तास. मुरबाडची पोरं तर त्याआधी कल्याणपर्यंत एसटी नाहीतर जीप करतात, तिथे अजून रेल्वे नाही. एवढ्या वेळात प्रत्येकाच्या हातात काही ना काही चालू असतं. मारिओचेच नातेवाईक म्हणावेत असे, पळत-उड्या मारत जायचे गेमही असतात. ‘सबवे सर्फर्स’ घ्या. 2012 पासून तो पोरगा पळतोय, अजून कुठे पोचलेला नाही. पोचणारच नाही, तशी योजनाच नाही. आपटलात तर किल्ली वापरून उठा, किल्ली नसेल तर विकत घ्या. ‘कँडी क्रश’मध्ये पाच लाइफ संपली की एकेका लाइफसाठी अर्धा अर्धा तास थांबा किंवा पैसे टाका. मरणं हा पूर्वी खेळाचा भाग होता, आता ते दुकानाचं दार झालंय. थेट पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केंद्राने 2025च्या ऑगस्टमध्ये केला. बरंच झालं. पण फुकटात सुरू होऊन कधीच न संपणाऱ्या गेमला कुठला कायदा लावणार?

‘म्हणजे मोबाइल गेम वाईट का?’ असं कुणीतरी विचारेलच. नाही. डब्यात उभं राहून, एका हाताने वरची कडी धरून ‘प्रिन्स’ खेळता येत नाही, हे मलाही कळतं. शिवाय काचेच्या स्क्रीनवर अंगठ्याला बटणाची कडच लागत नाही, त्यामुळे उडी हमखास चुकते. एक मात्र खरं, संपणारा खेळ आपल्याला मोकळं करतो, आणि असे खेळ कमी होत चाललेत.

अजून एक गोष्ट हरवलीय, ती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. मारिओत दोन प्लेअर एकत्र खेळत नाहीत. एक मरेपर्यंत दुसरा बघत बसतो. मुरबाडला मामाकडे आम्ही सहा जण असायचो, म्हणजे चार जण नुसतेच बघणारे. मुलगी म्हणून मला कायम लुइगी, तोही सगळ्यात शेवटी. तेव्हा राग यायचा. पण कुठल्या ठोकळ्यात काय दडलंय, हे मला खेळून नाही, बघून पाठ झालं होतं. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘99999 इन 1’, आत गेम मोजून दहा-बारा, तेच पुन्हा पुन्हा. नकली मशीन, सोबत माहितीपुस्तक नाही. जे काही कळायचं ते एकमेकांकडून.

खेळून बघायचं असेल तर मारिओपासून सुरुवात करा आणि शेजारी कुणालातरी बसवा. नव्या टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा. नवे टीव्ही चित्र दाखवायला किंचित वेळ घेतात, मग उडी उशिरा लागते आणि शिव्या मारिओला पडतात. आणि रिवाइंडऐवजी बनवणाऱ्यांनीच ठेवलेली एक सोय वापरा. तिन्ही लाइफ गेल्यावर पहिल्या स्क्रीनवर ‘ए’ दाबून धरायचं आणि ‘स्टार्ट’ दाबायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलात, त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो. लाइट गेली तर मात्र तीही चालत नाही. हे आम्हाला 2008 मध्ये माहीत असतं, तर मामाच्या घरातली निम्मी भांडणं झाली नसती.