दहा मिनिटांच्या मुंग्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेताना आप्पांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली. काही सांगू लागले, तर जीभ जड. आई धारवाडकडची, घाबरली की तिच्या तोंडात कन्नडच येते. "कै जोमु हिडदद," ती म्हणाली. मीही म्हटले, हातावर झोपले असतील, मुंग्या आल्या. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. आप्पा पिशवी घेऊन बाजारात गेलेसुद्धा!

मंगळवारी बी.पी.च्या गोळ्या आणायला गेलो, तेव्हा आईने सहज विषय काढला. डॉक्टर एकदम गंभीर झाले. "दोन दिवस काय करत होता?" मास्तर असून माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मानेची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, झाली. मेंदूला रक्त नेणारी डावीकडची कॅरोटिड धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली. आत चरबीचा थर साचतो, त्यावरची बारीक गुठळी सुटून मेंदूत जाते. ती विरघळली की हात परत चालतो. पुढची विरघळेलच असे नाही.

सर्जननी उपाय समजावले. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सर्वांनाच. अरुंदपणा कमी असेल तर बहुधा तेवढ्यावर भागते. आप्पांसारख्यांची धमनी उघडून थर काढतात. काहींना स्टेंट बसवतात. आप्पांनी विचारले, "ऑपरेशनातच लकवा मारला तर?" सर्जननी तो धोका नाकारला नाही. पण अमेरिका-कॅनडातला १९९१ चा अभ्यास सांगितला : अशी लक्षणे येऊन गेलेल्या, ७० ते ९९ टक्के अरुंद धमनीच्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा झटका आला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. आता औषधे सुधारली आहेत, तरी अशा रुग्णाचे ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावे, असे ते म्हणाले.

दहाव्या दिवशी ऑपरेशन झाले. आवाज थोडे दिवस घोगरा होता. तंबाखूची चंची आईने स्वतः चुलीत घातली.

वाचकहो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला, तर तो थांबण्याची वाट पाहू नका. पाच मिनिटांत बरे वाटले तरी त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठा. आमचे दोन दिवस नशिबाने निभावले. पुन्हा तसे नशीब आजमावू नये.