नाक्यावरचा पोरगा लिहील तेव्हा

टीव्हीवरचा गुन्हा तासाभरात मिटतो. प्रेत सापडतं, पोलीस धावतात, बेड्या पडतात, प्रेक्षक सुखाने झोपतो. अमेरिकेत डिक वुल्फने १९९० साली 'लॉ अँड ऑर्डर' काढली आणि याच गणितावर साम्राज्य उभं केलं. पोलीस आणि सरकारी वकील म्हणजेच न्याय! वस्तीत काम का नाही, शाळा का मोडली, हे सवाल त्या कोर्टात फारसे पुकारलेच जात नाहीत.

डेव्हिड सायमन वेगळा निघाला. 'बाल्टिमोर सन'चा हा गुन्हे वार्ताहर. १९८८चं वर्ष त्याने खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांत काढलं. १९९१ला पुस्तक आलं, १९९३ला त्यावरून 'होमिसाइड' मालिका. पण पोलिसांच्या खांद्यावरून शहर बघणं त्याला पुरलं नाही. एड बर्न्स या माजी पोलिसाला घेऊन तो पश्चिम बाल्टिमोरच्या एका नाक्यावर गेला, गर्दच्या बाजारात वर्षभर राहिला. त्यातून 'द कॉर्नर' आलं आणि २००२ ते २००८ 'द वायर'.

'द वायर'च्या साठ भागांत काय आहे? गर्द विकणारी पोरं, गोदीतले बेकार कामगार, आकडे फिरवणारे पोलीस अधिकारी, मतं मोजणारा महापौर, मोडकी शाळा. गुन्हेगार आभाळातून पडत नाही, व्यवस्थाच त्याला घडवते, हे त्याने ठणकावून दाखवलं. या मालिकेला एकही एमी पुरस्कार मिळाला नाही. नवल ते काय?

पण दोस्तांनो, टाळ्या वाजवून लगेच उठू नका. सायमन गोरा. त्याने बोलावलेले रिचर्ड प्राइस, जॉर्ज पेलेकॅनोस, डेनिस लेहेन हे नावाजलेले कादंबरीकारही गोरे. डेव्हिड मिल्ससारखा काळा लेखक होता. 'द कॉर्नर'चं दिग्दर्शन तुरुंग भोगून आलेल्या, बाल्टिमोरच्याच चार्ल्स डटनने केलं. मान्य. पण 'द वायर'मध्ये शेवटचा शब्द सायमनचाच. फेलिशिया पिअर्सन ही तुरुंगातून सुटलेली बाल्टिमोरची मुलगी पडद्यावर आली आणि गाजली. अभिनयाला वस्ती चालते, मग लिहायला का नाही?

२०१५च्या एप्रिलात फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा काळा तरुण पोलिसांच्या ताब्यात मणक्याला जबर इजा होऊन मेला. बाल्टिमोर पेटलं. सायमनने दगड उचलणाऱ्यांना लिहून सांगितलं : घरी परत जा. अरे, ज्या घराची पडझड साठ भाग दाखवलीस, त्याच घरी?

२०२२ला त्याने त्याच शहरातल्या लुटारू पोलीस पथकावर 'वी ओन धिस सिटी' आणली. त्याची तळमळ ढोंगी नाही. पण तळमळ कितीही खरी असली तरी ती दुसऱ्याच्या जखमेवरची. आग कधी रास्त, कधी नाही, हे ठरवायचा हक्क ती आपल्याकडेच ठेवते. म्हणून नाक्यावरच्या पोराला नुसतं पात्र करून भागणार नाही. त्याच्या हातात लेखणी द्या, मालिकेच्या पैशावर त्याची सही चालू द्या. मग गुन्हा कुणाचा, याचा पंचनामा तो करील.