पुढच्या बॅटमॅनला खलनायक कोणता द्यावा?

एखादा गाजलेला चित्रपट संपून दिवे लागले, की प्रेक्षकांचा एक नवा खेळ सुरू होतो. पुढच्या भागात खलनायक कोण असेल आणि त्याचे काम कोणता नट करील? मॅट रीव्ह्ज यांचा ‘द बॅटमॅन’ २०२२ च्या मार्चमध्ये पडद्यावर आला. एप्रिलमध्ये पुढच्या भागाची घोषणा झाली, आणि मग त्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. २०२४ च्या डिसेंबरमधील घोषणेने ती १ ऑक्टोबर २०२७ वर नेऊन ठेवली. एवढी सवड मिळाल्यावर तर्कांना ऊत न आला तरच नवल! या वादात माझेही एक मत टाकतो. माझा उमेदवार आहे मिस्टर फ्रीझ, म्हणजे समोरच्याला क्षणात गोठवणारा तो गारठ्याचा शास्त्रज्ञ. माझी अट मात्र एकच. त्याने उष्णतेचा हिशेब बुडवता कामा नये.

तुम्ही म्हणाल, जोकर का नको? पहिल्या भागाच्या शेवटी बॅरी केओगन यांचा जोकर अंधारात ओझरता दिसला, हा पुरावा खरा. पण १९८९ मध्ये जॅक निकल्सन, २००८ मध्ये हीथ लेजर, २०१९ मध्ये वाकीन फिनिक्स अशा एकाहून एक सरस नटांनी ते पात्र साकारून झाले आहे. त्याला थोडी विश्रांती द्यावी.

फ्रीझची बाजू मांडणाऱ्यांकडेही पुरावा आहे. पहिल्या भागात रिडलरने समुद्राची भिंत फोडली आणि गॉथम शहरात पाणी शिरले. शहरात पाणी साचले आहे. आता हिवाळा आला आणि हा गृहस्थ आला, की झाले काम. तर्क म्हणून हे मला पटते. कारण त्यात केवळ आवडनिवड नाही, आधी घडलेल्या गोष्टीचा पुढे काय परिणाम होईल याचा विचार आहे.

या पात्राचा इतिहासही गमतीचा आहे. १९५९ साली चित्रकथेत ते प्रथम अवतरले तेव्हा त्याचे नाव होते मिस्टर झीरो. १९९२ साली बॅटमॅनच्या व्यंगचित्र मालिकेने त्याला खरा जीव दिला. त्याची पत्नी नोरा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली; औषध सापडेपर्यंत तो तिला गोठवून ठेवतो. कंपनीचा प्रमुख पैसे वाचवण्यासाठी तो प्रयोग बंद पाडतो आणि त्या झटापटीत झालेल्या अपघातानंतर फ्रीझ थंडीवाचून जगू शकत नाही. चित्रपटांतला शास्त्रज्ञ बहुधा वेडाच असतो. प्रयोगशाळा दिसली की पुढे स्फोट ठरलेला! तुमच्यापैकी जी मुले उद्या प्रयोगशाळेत जाणार आहेत, त्यांच्यापुढे हेच चित्र किती दिवस ठेवायचे? फ्रीझला निदान त्याच्या ज्ञानाने बिघडवलेले नाही. म्हणूनही तो मला हवा आहे.

१९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये मात्र त्याची पार रया गेली. अर्नोल्ड श्वार्झनेगर हिऱ्यांवर चालणारा चकचकीत पोशाख घालून बर्फावरच्या कोट्या करीत हिंडले. त्यानंतर बॅटमॅनचा पुढचा चित्रपट यायला २००५ साल उजाडले.

आता हिशेबाकडे वळू. थंडी नावाची कोणतीही वस्तू नसते, हे तुम्ही शिकलाच आहात. बंदुकीतून थंडी ‘सोडता’ येत नाही. समोरच्या वस्तूतली उष्णता काढून घ्यावी लागते. किती? ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३६ किलो पाणी असते. बाकीचे शरीर सोडून देऊ, फ्रीझला तेवढी सवलत. ३६,००० ग्रॅम पाणी ३७ अंश सेल्सिअसवरून शून्यावर आणायचे, तर १३ लाख ३२ हजार कॅलरी काढाव्या लागतील. पण इथेच घोडे पेंड खाते. शून्य अंशावरच्या पाण्याचा शून्य अंशावरचाच बर्फ करायला दर ग्रॅममागे आणखी ८० कॅलरी काढाव्या लागतात. हा अप्रकट उष्मा झाला २८ लाख ८० हजार कॅलरी, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त! एकूण सुमारे ४२ लाख कॅलरी, अर्थात पावणेदोन कोटी जूल.

दुकानात मिळणारा दीड टनाचा वातानुकूलक दर सेकंदाला सुमारे ५,३०० जूल उष्णता बाहेर टाकतो. (हा ‘टन’ त्या यंत्राच्या वजनाचा नव्हे बरे! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून ते माप आले.) चित्रपटात माणूस डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गोठतो. ते एका सेकंदात साधायचे, तर असे तीन हजारांहून जास्त वातानुकूलक एकदम चालवावे लागतील. बरे, उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन फवारला तर? त्याचा थेंब न् थेंब कामी आला असे धरले, तरी एका माणसामागे ४० किलोहून अधिक लागेल. दहा जणांना गोठवायचे म्हटले तर खलनायकाच्या मागे टँकर हवा.

उलट त्याचा पोशाख, जो सर्वांना भाकड वाटतो, तो मला बराच पटण्याजोगा वाटतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून दर सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता बाहेर पडते. बाहेरून आत झिरपणारी उष्णता नीट अडवली, तर एवढी काढून टाकायला लहानसे यंत्रही पुरेल. म्हणजे पोशाख ठेवा आणि बंदूक काढून घ्या, असे मी दिग्दर्शकाला सांगेन.

काढलेली उष्णता जाते कुठे, हे तर कुणी विचारतच नाही. ती नाहीशी होत नाही. तुमच्या घरच्या फ्रिजच्या मागे हात नेऊन पाहा. ४२ लाख कॅलरींत ३० अंशांचे चार बादल्या पाणी उकळीला येते, आणि यंत्र चालवायला लागणारी ऊर्जा वेगळीच. समोर बर्फ करणाऱ्याच्या पाठीशी जाळ हवाच! २०२२ चा बॅटमॅन मुख्यतः गुप्तहेर होता, आणि गुप्तहेराला याहून चांगला माग कोणता मिळणार? सारे शहर गारठले आहे, मग या एकाच गटारातून वाफा का निघतात? या एकाच गल्लीतला बर्फ रोज का वितळतो? फ्रीझ पकडला जावा तो मुष्टियुद्धाने नव्हे, ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाने.

राहिला नट. यात प्रेक्षकांचे अंदाज वारंवार फसले आहेत. १९८८ मध्ये मायकेल कीटन या विनोदी नटाला बॅटमॅन केले, तेव्हा विरोधाच्या पत्रांचा पाऊस पडला. २००६ मध्ये हीथ लेजरच्या निवडीवरही नाके मुरडली गेली. २००९ मध्ये त्याच भूमिकेसाठी त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. फ्रीझला दंड नकोत, डोळे हवेत, कारण बाकीचा माणूस शिरस्त्राणात झाकलेला. आपले इरफान खान हयात असते तर मी दुसरे नाव घेतले नसते. २०१२ च्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’मध्ये त्यांना लहानशी भूमिका मिळाली होती, २०२० मध्ये ते गेले. आता माझे मत डेन्मार्कचे मॅड्स मिकेलसन यांना. २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये त्यांनी शस्त्र बनवण्यास भाग पाडलेला शास्त्रज्ञ असा केला, की त्याचा रागही येतो आणि कीवही.

तुम्हाला माझे म्हणणे पटले नाही तर उत्तमच. मात्र आपला अंदाज आजच्या तारखेसह वहीत लिहा, आणि त्याखाली तो कशावरून बांधला हेही लिहा. चित्रपट पाहून आल्यावर ‘मी म्हणालोच होतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, वही दाखवणारा एखादाच. आणि पडद्यावर खरोखरच फ्रीझ आला, तर त्याच्या बंदुकीकडे पाहू नका. त्याच्या पाठीमागे वाफ दिसते का, तेवढे बघा.