जिवाणू कष्टाळू, पण वीज कुठली?

आम्ही राहतो जर्मनीतल्या ऱ्हूर भागात. हे कोळशाचं जुनं माहेरघर. देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण इथेच, बोट्रोपला, 2018 च्या डिसेंबरात बंद झाली. जवळच्या मार्ल गावी एव्होनिक आणि सीमेन्स यांनी 2020 मध्ये एक प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. विजेच्या जोरावर कार्बन डायऑक्साईड आणि पाण्यातून कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोजन काढायचा, तो जिवाणूंना खाऊ घालायचा आणि ब्युटेनॉल, हेक्झेनॉल ही रसायनं मिळवायची.

फोनवर हे ऐकून डोंबिवलीचा मामेभाऊ म्हणाला, "दादा, मग आपल्या एमआयडीसीत आणा की! वास तरी जाईल."

त्याची तळमळ कळते, पण जरा हिशेब करूया. काही जिवाणू इलेक्ट्रोडवरून थेट वीज घेऊन अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बनवतात. 2010 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. एक टन आम्लात सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साईड मुरतो. पण त्यासाठी काहीही वाया न घालवता किमान 4,000 युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. म्हणजे दीड टन गिळायला चार टन ओकायचे! भारतातली बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे.

वासाचं म्हणाल तर माल तोच राहतो. तो पाण्यातून वेगळा काढायला पुन्हा ऊर्जा लागते, आणि उरलेलं सांडपाणी शुद्ध करावंच लागतं.

म्हणून हे तंत्र टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. भट्टीसारखी उष्णता लागत नाही, उसासारखं शेत आणि पाणी अडकून पडत नाही. सूर्याची, वाऱ्याची वीज मिळाली, तर हिशेब सरळ फायद्याचा होतो. साखर कारखान्यांच्या इथेनॉल टाक्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साईड बराच शुद्ध असतो. सुरुवात तिथून करता येईल.

तेव्हा मंडळी, गावाकडे उद्या कुणी 'हरित रसायन' प्रकल्पाची पाटी लावली, तर टाळ्या वाजवण्याआधी दोनच प्रश्न विचारा: वीज कुठून येणार, आणि सांडपाणी कुठे जाणार? मामेभावालाही मी हेच सांगितलंय.