भोपळा का गळतो?

माघ सरता सरता ऊन चढू लागले, की परसात फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर सातेरी, फुलोरी मधमाश्यांची गुणगुण सुरू होते. मांडवावरच्या लाल भोपळ्यालाही त्याच हव्या असतात. याची नर आणि मादी फुले वेगळी. पराग जड, चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. फूल पहाटे उमलते, दुपारपर्यंत मिटते. तेवढ्यात माशी फिरकली नाही, तर मादीफुलाखालचा चिमुकला भोपळा पिवळा पडून गळतो. घरातले मात्र पुष्कळदा रोग समजून भल्या सकाळीच औषध फवारतात, आणि येणाऱ्या माश्याही मरतात! फवारायचेच असेल, तर सूर्यास्तानंतर, फुले वगळून. कोथिंबीर सगळी उपटू नये. चार रोपे फुलू द्यावीत. माश्या येईपर्यंत सकाळी नरफूल तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलात हलकेच फिरवावे.