सायकलवरून आणलेले दगड

ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार चंदीगढ काटकोनात उभं राहत होतं, तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक रस्ते निरीक्षक काम सुटलं की सायकलवरून दगड गोळा करत हिंडायचा. नाव नेकचंद.

सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, परवानगीबिरवानगी न काढता, १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा हा उद्योग सुरू झाला. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे, नव्या शहरासाठी उठवलेल्या गावांचा राडारोडा... यातून माणसं, प्राणी, पक्षी रांगेनं उभे राहिले. सरकारला पत्ता लागला तो १९७०च्या दशकाच्या मध्यावर. नियमानं सगळं पाडायलाच हवं होतं! पण लोक पाठीशी उभे राहिले आणि १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुलं झालं. नेकचंदना त्याच कामाचा पगार मिळू लागला, हाताखाली मजूरही आले.

कलाशाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

मराठी घरात दिवाळीचा किल्ला मुलांच्या नावावर असतो; बुरूज लिंपताना चिखलात हात मात्र बाबांचे. मोठ्यांच्या हौसेला असं निमित्त लागतं. नेकचंदना तेही लागलं नाही. पद्मश्री १९८४ची; त्याआधी पंधरावर वर्षं तर या खेळाला प्रेक्षकच नव्हता, आणि तो असावा अशी त्यांची खटपटही दिसत नाही.