पावती हाच परवाना

३० ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत एक नियम बदलला. कामाच्या परवान्याचं नूतनीकरण मागणारा अर्ज त्या दिवशी किंवा त्यानंतर भरला, तर बहुतेक प्रकारांत जुना परवाना संपला की नोकरीही थांबते. त्याआधी अर्ज मुदतीत पोचलेला असला की जुना परवाना आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालू राहायचा. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरी करणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांच्या घरांतला संताप मी ऐकला आणि तो मला शंभर टक्के रास्त वाटतो. पण हीच मंडळी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जळगावची बातमी वाचून काय म्हणत होती, तेही मला आठवतं. "मुदत संपली ना? मग जावं परत."

बातमी अशी होती. २२ एप्रिलला पहलगाममध्ये हल्ला झाला आणि दोनच दिवसांनी भारत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केल्याचं जाहीर केलं. मग जिल्ह्याजिल्ह्याची मोजदाद वर्तमानपत्रांत आली. महाराष्ट्रात सुमारे पाच हजार पाकिस्तानी नागरिक. त्यांत नागपूर पहिलं, ठाणे दुसरं आणि तिसरं आमचं जळगाव, जवळपास चारशे. केळी, सोनं आणि भरीत यांच्यापलीकडे जळगावची ओळख नसलेल्यांना तो आकडा वाचून धक्का बसला. तिथे वाढलेल्यांना बसला नसावा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं खान्देशात रुजली ती कायमची. जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्यात साक्री रोडवरचं कुमारनगर या त्यांच्याच वस्त्या. मागे राहिलेल्या भाऊबंदांपैकी काही नंतरच्या दशकांत जमेल तसे इकडे येत राहिले. हे चारशे बहुतेक त्यांतले. म्हणजे सिंधी हिंदू, हातात पाकिस्तानी पासपोर्ट आणि त्यावर भारताचा दीर्घ मुदतीचा व्हिसा.

या व्हिसाला सगळे एलटीव्ही म्हणतात. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती अल्पसंख्याकांना तो मिळतो आणि मुदत संपली की वाढवून घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण चौकशी जिल्ह्याच्या पोलिसांची, त्यामुळे एस.पी. ऑफिसच्या पायऱ्या चुकत नाहीत. शिवाय पाकिस्तानी पासपोर्ट संपत आला तर दिल्लीच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात जायचं. ज्या देशातून बाहेर पडलो त्याच्याच दारात नव्या पासपोर्टसाठी उभं राहायचं! आपण न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीला कितीही नावं ठेवली, तरी हा प्रसंग आपल्यावर आलेला नाही.

१३ जुलै २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या लोकांसाठी काही सोयी मंजूर केल्या. बँकेत खातं, पॅन, आधार, वाहन चालवण्याचा परवाना, राहण्यापुरतं घर, धंद्यापुरती जागा आणि राज्यभर हिंडण्याची मोकळीक. निर्णय चांगला होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यातली 'राज्यभर' ही मर्यादा खान्देशात कशी टोचते ते नकाशा उघडून पाहा. कापडाचा धंदा करणाऱ्याला सुरत गाठावी लागते. ताप्तीच्या खोऱ्याचा व्यापार पिढ्यान् पिढ्या सुरतेच्या दिशेने वाहत आला आहे. सुरत गुजरातेत. मुक्ताईनगर ओलांडलं की बऱ्हाणपूर, ते मध्य प्रदेशात. चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला तो मनात येईल तेव्हा जाऊ शकतो. शेजारच्या बाजारात माल बघायला जायचं तर आधी परवानगी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात राज्यांतल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे आले. जळगाव नाही. पुढे २०१९चा नागरिकत्व सुधारणा कायदा झाला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ला निघाले, पण त्यातली भारतात येण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४. त्यानंतर आलेल्यांना जुन्याच लांबच्या रस्त्याने जायचं आहे, आणि तोवर एलटीव्हीचं नूतनीकरण करत राहायचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने हिंदूंचे आधी दिलेले एलटीव्ही वैध राहतील असं स्पष्ट केलं खरं, पण पाठोपाठ मे महिन्यात एलटीव्हीधारकांनी पुन्हा नव्याने ऑनलाइन अर्ज भरावेत असाही हुकूम आला. म्हणजे वैधही आहात आणि पुन्हा अर्जदारही आहात.

आता अमेरिकेकडे येऊ. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण आपण भारतात सोडून आलो असं वाटत होतं. अमेरिकेने तिचा नियमच करून ठेवला होता. पूर्वी इथे कामाच्या परवान्याच्या अर्जावर ९० दिवसांत निकाल देण्याचं बंधन इमिग्रेशन खात्यावर होतं. जानेवारी २०१७ पासून ते बंधन काढलं आणि त्याच्या बदल्यात काही प्रकारांना १८० दिवसांची आपोआप मुदतवाढ दिली. एच-४ वाल्यांना ती मिळाली २०२१च्या न्यायालयीन तडजोडीनंतर. अर्ज तुंबले म्हणून २०२२ मध्ये १८०चे ५४० दिवस झाले, जानेवारी २०२५ मध्ये ते कायम केले आणि ऑक्टोबरात काढून घेतले. म्हणजे खात्याने मुदतीत काम करायचं नसेल तर अर्जदाराचं नुकसान होऊ द्यायचं नाही, असा तो सौदा होता. सौद्यातली आपली बाजू रद्द झाली. ९० दिवसांचं बंधन काही परत आलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हेच, आणि आपल्या चर्चांत त्याचा उल्लेखही होत नाही.

वर, एकाच घरात दोन न्याय आहेत. नवऱ्याच्या एच-१बीच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल तर मुदत संपल्यावरही त्याच मालकाकडे २४० दिवस काम करता येतं. बायकोचा एच-४ परवाना त्याच सुमारास संपला तर तिने दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत करायचा. दोघांची कागदपत्रं एकाच खात्याकडे, बऱ्याचदा एकाच पाकिटात गेलेली असतात.

अमेरिकेचं सरकार म्हणतं, हा बदल सुरक्षेसाठी. नव्याने तपासणी झाल्याशिवाय मुदतवाढ नाही. सुरक्षेची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पाकिस्तानच्या नागरिकांबाबत भारताने डोळे मिटून राहावं असंही नाही. पण परवाना चालू ठेवला म्हणून तपासणी कुठे थांबते? दोष सापडला त्या दिवशी रद्द करा. आणि परवाना संपल्याने ती बाई देशाबाहेर जाते का? एच-४ चालू असेल तर ती त्याच घरात कायदेशीरपणे राहते, फक्त पगार थांबतो. धोकादायक माणूस बेकार झाला की धोका टळतो, हा तर्क मला समजत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तात्पुरतं ते तात्पुरतंच असावं. एल साल्वाडोरच्या लोकांना २००१च्या भूकंपांनंतर अमेरिकेने तात्पुरतं संरक्षण दिलं आणि ते तुकड्यातुकड्यांनी वाढत पाव शतकाकडे गेलं. याला तात्पुरतं म्हणणं ही थट्टा आहे, मान्य. पण एखादी सवलत बंद करणं हा राजकीय निर्णय असतो; तो उघडपणे, तारीख देऊन, उत्तरदायी माणसाने घ्यावा. टेबलावर फाईल पडून राहिली म्हणून कुणाची रोजी बुडणं हा निर्णयच नव्हे. ब्रिटनमध्ये अर्ज मुदतीत असेल तर निकालापर्यंत जुनेच हक्क चालू राहतात. कॅनडातही तसंच, आणि ऑस्ट्रेलिया त्यासाठी वेगळा ब्रिजिंग व्हिसा देते. अमेरिकेच्या १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यातही सर्वसाधारण परवान्यांसाठी हेच लिहिलेलं आहे: नूतनीकरणाचा पुरेसा अर्ज वेळेत आला असेल तर निकाल लागेपर्यंत परवाना संपत नाही. ते कलम आपल्या परवान्यांना लागू पडतं की नाही यावर वकील भांडोत, तत्त्व इथल्याच मातीतलं आहे.

सिंधी कॉलनीतला दुकानदार आणि एडिसनमधली एच-४ वरची डेटा ॲनालिस्ट यांचं दुःख सारखं नाही. तिची नोकरी गेली तर घराचा हप्ता अडतो, फार झालं तर सगळे विमानाने जळगावला किंवा धुळ्याला परततात. त्याला परतायला सिंध आहे, आणि तिथून तर तो निघून आला. म्हणून आपल्या मागणीत त्याला जागा नसेल तर ती मागणी मला अपुरी वाटते.

मंडळाने दोन पत्रं लिहावीत. एक आपापल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याला: आपोआप मुदतवाढ परत आणा, नाहीतर ९० दिवसांचं बंधन परत आणा, दोन्हींपैकी काहीही चालेल. दुसरं दिल्लीला, केंद्रीय गृहमंत्रालयाला, आणि त्याची प्रत जळगाव आणि धुळ्याच्या खासदारांना: एलटीव्हीच्या वाढीचा अर्ज मुदतीत भरला असेल तर त्याची पावती निकालापर्यंत बँकेत, आर.टी.ओ.त आणि पोलिसांत व्हिसाइतकीच ग्राह्य धरावी असा लेखी आदेश निघावा, आणि हिंडण्याच्या मोकळिकीत सुरत आणि बऱ्हाणपुरासारखे जळगाव-धुळ्याच्या जवळचे गुजरात व मध्य प्रदेशातले जिल्हे घ्यावेत. पहिल्या पत्रावर सह्या भराभर होतील, त्याची मला चिंता नाही. दुसरं पत्र कार्यकारिणीच्या बैठकीत "आपला विषय नाही" म्हणून बाजूला पडण्याची शक्यता आहे, म्हणून ते आधी मांडावं आणि पहिलं त्याच्यासोबत जोडून एकाच ठरावाने संमत करावं.